बोरदऱ्याचा सबऑर्डिनेट क्लॉज

मु. पो. बोरदरा, ता. अकोले,
जि. अहमदनगर
रविवार, दि. ७ फेब्रुवारी १९७१

ती. रंगनाथदाजी यांसी,

सहादेवचा वाकून नमस्कार. आपण, रतनताई आणि मुलं श्रीरामपुरात सुखरूप असाल, उन्हं तापू लागली तशी ताईची सर्दी पळाली असेल आणि कारखान्याच्या मळीच्या वासानं आपला दमा यंदा फारसा उसळला नसेल, असं धरून चालतो. (धरून चालणं हीच आता माझी इंग्रजी शिकवण्याचीही पद्धत झाली आहे, त्याविषयी पुढं येतंच.) इकडं लंका, मी आणि दोन्ही मुली ठीक आहोत. भाताचं सगळं उरकलं, हरभरा घाटं धरतो आहे. मध्यावधी निवडणुकीच्या जीपा धूळ उडवत येतात, कर्ण्यातून काहीतरी सांगतात आणि आमच्या गावापाशी रस्ता संपला की वळून निघून जातात. ताईनं धाडलेला तिळगूळ पोचला. डबा परत पाठवताना त्यात आंबेमोहोर भरला आहे, ताईला म्हणावं पहिल्या वाफेला झाकण काढू नये.

पत्राला दोन महिने उशीर झाला. रागावू नये. उशिराचं कारण दुसरं तिसरं काही नसून आपलाच विषय आहे, म्हणजे इंग्रजी.

झालं असं, की आमचे इंग्रजीचे सर दिवाळीच्या सुट्टीत लग्नासाठी ठाण्याला गेले आणि तिकडचेच झाले. हेडमास्तरांनी आठवडाभर वाट पाहिली आणि मग मला बोलावून चहा पाजला. (तेव्हाच मला समजायला हवं होतं. मागं एकदा चहा पाजला होता तेव्हा मतदारयाद्या लिहायचं काम गळ्यात आलं होतं.) म्हणाले, तुम्ही मराठीचं व्याकरण शिकवताच, वाक्य इथलं काय आणि तिथलं काय, कर्ता तोच, कर्म तेच, फक्त इंग्रजी क्रियापदाला जरा घाई असते, ते मधेच घुसतं. अकरावीची मुलं मार्चमध्ये बोर्डाला बसणार, त्यांना निदान वाक्यांचे प्रकार आणि क्लॉज एवढं तरी करून द्या. माझं इंग्रजी कसं आहे हे आपल्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. बी.ए.च्या आधीच्या उन्हाळ्यात आपण मला शिकवायला बसायचात आणि थोड्या वेळानं टॉवेल डोक्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारायचात, ते मी विसरलेलो नाही. तरी मी हो म्हणालो. चहा पिऊन झाला होता.

सुरुवात कंजंक्शनपासून केली. जोडणारे शब्द म्हणजे आपली उभयान्वयी अव्ययं, त्यात अवघड काय, असं मनाशी म्हणालो. 'अँड' शिकवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी एका मुलानं गाईवर निबंध आणला, तो दीड पानाचा होता आणि एकाच वाक्याचा होता. गाय दूध देते अँड शेण देते अँड शेणाच्या गोवऱ्या होतात अँड गोवऱ्यांवर आजी भाकरी करते अँड आजीला दिसत नाही. पूर्णविराम कुठं आहे विचारलं तर म्हणाला, गाय अजून जिवंत आहे सर. 'बट' शिकवलं तर हजेरीलासुद्धा 'प्रेझेंट सर, बट' असं ऐकू येऊ लागलं. सगळ्यात छळ मांडला तो 'दो' या शब्दानं. 'दो' म्हणजे 'जरी', इथवर ठीक. पण आपल्याकडं 'जरी' आला की मागोमाग 'तरी' येतो, आणि इंग्रजीत 'दो'च्या मागं 'बट' लावायचा नाही, हे वर्गाला काही केल्या पटेना. शाळा समितीवरच्या आप्पासाहेबांची पुतणी कला, वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, उभी राहून म्हणाली, सर, 'जरी'ला असं एकटं सोडणं बरं दिसत नाही. मलाही ते बरं दिसत नव्हतं.

मग आले क्लॉज. प्रिन्सिपल म्हणजे प्रधानवाक्य, स्वतःच्या पायावर उभं राहणारं. सबऑर्डिनेट म्हणजे गौणवाक्य, ज्याला एकट्यानं उभं राहता येत नाही. मी फळ्यावर लिहिलं, 'व्हेन द बस केम', आणि मुद्दाम तिथंच थांबलो. म्हटलं, एस.टी. आली तेव्हा... आता बोला, काही अपुरं वाटतं की नाही? वर्ग म्हणाला, नाही. एस.टी. आली यात सगळं आलं, सर. (दाजी, या गावी आठवड्यातून दोनदा गाडी घाटातूनच परत जाते. मुलांचं काय चुकलं?) मग लहान बाळाचं उदाहरण दिलं, तर मुलं म्हणाली बाळ मोठं होतंय की. वेलीचं दिलं, तर म्हणाली भोपळ्याची वेल जमिनीवर चांगली पसरते. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तास संपायला थोडाच वेळ राहिला होता, घसा बसला होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं ते असं: हे पाहा, सबऑर्डिनेट क्लॉजला स्वतःचा कर्ता असतो, स्वतःचं क्रियापद असतं, हातापायानं तो धडधाकट असतो, पण राहतो दुसऱ्याच्या आधारानं. घरजावयासारखा.

दाजी, वर्ग उजळला. खोटं नाही सांगत. तीन महिन्यांत पहिल्यांदा मागच्या बाकापर्यंत सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. त्याच दमात मी चार वाक्यं फळ्यावर घातली आणि चारही वाक्यांतला घरजावई त्यांनी अचूक शोधून काढला. घरी आलो तो तरंगत आलो. लंकाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, कुणाचं नाव घेतलंत का? मी म्हटलं, छे, नाव कशाला घेऊ? थोडे तांदूळ निवडून झाल्यावर तिनं विचारलं, या गावात घरजावई किती आहेत?

एकच आहे.

त्याचं नाव गहिनीनाथ. पारनेरकडच्या कोरड्या भागातला, उंच, हाडापेरानं मजबूत, दिवसाकाठी पाच-सात शब्द बोलणारा माणूस. आमचे आप्पासाहेब, म्हणजे गावातले मोठे बागायतदार आणि आमच्या शाळा समितीचे सभासद, त्यांना मुलगा नाही. चांगुणा ही एकच मुलगी. तिला बाहेर द्यायची नाही म्हणून त्यांनी गहिनीनाथाला घरात आणलं, त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षं हा माणूस त्यांची भाताची खाचरं करतो, बैल बघतो आणि ओढ्यावरचं तेलाचं इंजिन असं सांभाळतो की आसपासच्या गावांतली इंजिनं बिघडली तरी लोक त्यालाच बोलावतात. इतकं असून सासरच्यांपासून गड्यांपर्यंत सगळे त्याला अजून 'पाव्हणं' म्हणतात. त्याचं नाव घेतलेलं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

कलानं घरी जाऊन काय सांगितलं हे मला कळायला मार्ग नाही. (पोर खोटं बोलणारी नाही. तिनं जसंच्या तसं सांगितलं असणार, हीच तर भीती.) पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी दळण घेऊन छगनच्या गिरणीवर गेलो, तर छगननं पट्टा थांबवून मला विचारलं, मास्तर, पाव्हणं सबाडनेट झालं म्हणत्यात, खरं का? मी काही बोलणार तोच तो हात झटकत आनंदानं म्हणाला, बरं झालं, आपल्या गावचं कुणीतरी वर गेलं. तेव्हा मला उलगडा झाला. गावाला 'सब' हा शब्द चांगला ठाऊक आहे. सब-इन्स्पेक्टर ठाऊक आहे, सब-ओव्हरसियर ठाऊक आहे, अकोल्याला खरेदीखतासाठी सब-रजिस्ट्रारपुढं बसून आलेले तर घरटी एक आहेत. आता गहिनीनाथ सबाडनेट झाला, तो त्यांच्याच ओळीतला काहीतरी असणार. एवढंच की कुठल्या खात्यात, ते जाहीर व्हायचं होतं.

पुढचे दोन दिवस शाळा सोडली तर मी घराबाहेर पडलो नाही, पण बातम्या घरात येत होत्या. भामाबाई नावाच्या म्हाताऱ्या आहेत, त्या गहिनीनाथाकडं रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवून द्या म्हणून अंडी घेऊन गेल्या. तिठ्यावरच्या हॉटेलात त्याला बाकडं पुसून दिलं गेलं. निवडणुकीची एक जीप त्याच्यापाशी थांबली आणि आतल्या माणसानं उतरून नमस्कार घातला. गहिनीनाथ सगळ्यांना म्हणत होता की मला काही ठाऊक नाही, आणि लोक एकमेकांना सांगत होते की बघा, माणूस वर गेला तरी किती साधा. खुद्द आप्पासाहेबांनी पेढे वाटले. आमच्याही घरी दोन आले. लंकानं ते माझ्यापुढं ठेवले आणि आत गेली. मी ते कसे खाल्ले ते माझं मला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी आप्पासाहेब कुठल्याशा उताऱ्यासाठी अकोल्याला कचेरीत गेले आणि तिथल्या कारकुनाला अभिमानानं सांगून बसले, की आमचं जावई सबाडनेट झालं. कारकून शिकलेला होता. त्यानं अर्थ सांगितला: हाताखालचा.

संध्याकाळच्या गाडीतून आप्पासाहेब उतरले ते कुणाशी न बोलता घरी गेले. पण त्या कचेरीत आमच्या गावची आणखी दोघं-चौघं होती, त्यामुळं त्यांनी बोलण्याची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी हॉटेलातलं बाकडं कुणी पुसलं नाही. टवाळ पोरं ओढ्यावर जाऊन 'सबाडनेट, ओ सबाडनेट' अशी हाळी देऊ लागली. माझ्या एका उदाहरणानं एका सरळ माणसाला आधी घोड्यावर बसवलं आणि मग भर गावात उतरवलं, हे मला जेवू देईना. जाऊन माफी मागावी असं रोज ठरवायचो आणि रोज त्याच्या मनगटांची जाडी आठवायची.

मी गेलो नाही. तोच आला. सोमवारी अकरावीचा तास चालू असताना दारात उभा राहून म्हणाला, येऊ का, मास्तर? मी हो म्हटलं. (नाही कसं म्हणणार?) तो जाऊन शेवटच्या बाकावर बसला. गुडघे बाकाखाली मावेनात म्हणून पाय वाटेत सोडले आणि हाताची घडी घातली. हेडमास्तर व्हरांड्यातून जात होते, त्यांना वाटलं वरून तपासणीला कुणी साहेब आला आहे. ते दोनदा डोकावून नमस्कार करून गेले. मी पुस्तकातून मान वर न काढता मोठ्यांदा वाचत सुटलो. काय वाचलं ते विचारू नये, मधे एकदा मी प्रस्तावनाही वाचली. अखेर त्यानंच हात वर केला.

"मास्तर, त्ये सबाडनेट येकदा फळ्यावर लिवून दावता का?"

मी लिहिलं, 'बिकॉज ही वॉज टायर्ड'.

"ह्यात कर्ता कंचा?"

मी 'ही'वर बोट ठेवलं. त्यानं क्रियापद विचारलं, मी 'वॉज'वर ठेवलं.

"म्हंजी गडी धडधाकट हाय," तो म्हणाला. "मग अडलंय कुठं?"

मी सांगितलं, कुठंच नाही. त्याच्या पुढं हे 'बिकॉज' लागलं आहे, तेवढ्यासाठी त्याला दुसऱ्याच्या आधारानं राहावं लागतं. इतके दिवस मी हे शिकवत होतो, पण आपण काय बोलतो आहोत ते मला त्या घडीला पहिल्यांदा ऐकू आलं.

"आन् त्ये पुसलं तर?"

मी तळव्यानं 'बिकॉज' पुसलं. फळ्यावर उरलं, 'ही वॉज टायर्ड'. म्हटलं, आता हा प्रिन्सिपल झाला. स्वतंत्र वाक्य. याला कुणाची गरज नाही.

"अर्थ काय त्येचा?"

"तो दमला होता."

गहिनीनाथानं ते तीन शब्द पुन्हा एकदा पाहिले. मग तो उठला, पाय सोडवले, म्हणाला, "व्हय," आणि मला नमस्कार करून गेला. मला वाटलं, मिटलं. मुलांना त्या दिवशी तास संपायच्या आधीच सोडून दिलं आणि घरी जाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं इंजिनाला तेल घातलं, बैलांना वैरण टाकली, सासूबाईंच्या, म्हणजे साळूबाईंच्या पाया पडला, आणि अकोल्याच्या गाडीत बसून निघून गेला. भांडण नाही, तंटा नाही. दोन दिवसांनी निरोप आला, की अकोल्यातच प्रवरेच्या अंगाला पत्र्याची एक खोली घेऊन त्यानं इंजिन दुरुस्तीचं दुकान टाकलं आहे.

आप्पासाहेब माझ्याकडं आले तेव्हा मी ओट्यावर पेपर तपासत होतो. त्यांनी काठी भिंतीला लावली, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि बसले. शिव्या देतील, समितीत विषय काढतील, नोकरी घालवतील, हे सगळं मी गृहीत धरलं होतं. त्यातलं काही झालं नाही. ते हळूहळू बोलायला लागले. त्याला कधी कमी केलं नाही म्हणाले. दूध त्याच्याच तांब्यात आधी पडायचं, पंगतीला मानाचा पाट त्याचाच असायचा, सहा वर्षांत एका शब्दानं बोललो असेन तर सांगा. आणि मग एकदम म्हणाले, "मास्तर, तुमच्या विंग्रजीनं माझं घर मोडलं. आता तुमीच सांधा."

म्हणून गेल्या गुरुवारी आप्पासाहेब, चांगुणा आणि मी असे तिघं अकोल्याला गेलो. गाडीत आप्पासाहेब खिडकीशी बसले. चांगुणा मागं बायकांत बसली, मांडीवर एक भलं मोठं बोचकं. मला वाटलं नवऱ्याला खायला नेते आहे. मी वाटभर मनात भाषण जुळवत होतो. बोलायला 'जरी'पासून सुरुवात करावी की 'कारण'पासून, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

दुकान म्हणजे पुढं पत्र्याची एक पडवी आणि मागं एक खोली. तीन इंजिनं उघडून ठेवलेली होती आणि बाहेर चौथं घेऊन एक बैलगाडी उभी होती. गहिनीनाथाचे हात कोपरापर्यंत काळे होते. आम्हाला पाहून तो उठला, एकच स्टूल होतं ते धोतराच्या सोग्यानं पुसून सासऱ्याला दिलं आणि आमच्यासाठी चहा सांगितला. मी भाषणाला तोंड उघडलं, पण आप्पासाहेबांनी हातानंच मला थांबवलं.

"पाव्हणं, झालं त्ये झालं. चला घरी."

"मामा," गहिनीनाथ म्हणाला, "मी रागावून आलो न्हाई. तुमी समदं दिलं. पर मला नाव हाय."

बैलगाडीवाला तेवढ्यात हाळी देत आत आला, "गहिनीनाथ मिस्तरी, माझं कवा बघताय?" आणि त्याला नाव घेऊन कुणी बोलावतं आहे हे आम्ही तिघांनीही ऐकलं. चांगुणा उठली. बोचकं घेऊन मागच्या खोलीत गेली आणि आतून भांडी मांडल्याचा आवाज येऊ लागला. तवा, परात, पितळेचे दोन डबे, पाण्याची कळशी. खाण्याचं त्यात काही नव्हतंच, संसार होता. ती बाहेर येऊन बापाजवळ उभी राहिली.

"आबा, मी हितंच ऱ्हाते. दर बाजारी घरी येते. आईला सांगा, चिलमीचं तेवढं तिनं बघावं, मी नसले की तुमी लई वढता."

आप्पासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, मास्तर, आता ह्याला काय म्हनत्यात तुमच्यात? मला खरं बोलणं भाग होतं. म्हटलं, कंपाऊंड सेंटेन्स, आप्पासाहेब. दोन्ही प्रधान, मधे 'आणि'. कुणी कुणाच्या हाताखाली नाही.

"आन् मी?"

दाजी, आपलं सगळं व्याकरण मला तिथं उपयोगी पडलं नाही. उत्तर गहिनीनाथानंच दिलं, तेही सरळ नाही. त्यानं सासऱ्याला विचारलं, इंजिन अजून सुरू होताना खोकतंय का? आप्पासाहेब म्हणाले, खोकतंय. तर म्हणाला, मग रविवारी येतो बघाया, जेवायलाच येतो. आप्पासाहेब पागोटं सारखं करत म्हणाले, "ये मग, गहिनीनाथ." शब्द नवा असल्यासारखा जपून उच्चारला. परतीच्या गाडीत अर्ध्या वाटेवर त्यांनी पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या. त्यावरून नोकरी राहील असं वाटतं.

शुक्रवारी मात्र खरोखरच तपासणीचे साहेब आले आणि नेमके अकरावीच्या वर्गात शिरले. त्यांनी इंग्रजीतून विचारलं, की कॉम्प्लेक्स सेंटेन्समध्ये प्रिन्सिपल आणि सबऑर्डिनेट असे दोन्ही असतात, तर मला सबऑर्डिनेट कुठं आहे ते कोण सांगेल? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, अकोल्याला गेला, सर. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. तेव्हा कला उठली आणि म्हणाली, त्याला काही कमी नव्हतं सर, पुढं 'बिकॉज' लागलेलं होतं एवढंच. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि शेरेबुकात लिहिलं, 'मुलांना विषय जिवंत वाटतो, तथापि भूगोलाशी गल्लत करतात.' हेडमास्तरांनी मला पुन्हा चहा पाजला. आता काय येतं या काळजीत आहे.

असो. तर पत्र लिहिण्याचा हेतू एवढाच, की नाऊन क्लॉज आणि ॲडजेक्टिव्ह क्लॉज यांतला फरक आपण एका कागदावर थोडक्यात, आणि शक्यतो नात्यागोत्यांची उदाहरणं टाळून, लिहून धाडावा. पुढचा धडा कर्तरी-कर्मणी प्रयोगाचा आहे. तो वर्गात घेण्याआधी पंचायतीत वाचून दाखवावा, असा निरोप गावानं आत्ताच पाठवला आहे. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर टाकताना पाकीट चांगलं डकवावं, आमच्या पोस्टात वाचनाची आवड वाढते आहे.

आपला,
सहादेव

ता. क. नाऊन क्लॉजचं राहिलं तरी चालेल. खरं काम वेगळंच आहे आणि ते लिहायला मन धजत नव्हतं. आपल्या शाळेत जूनपासून मराठीची जागा निघते असं ऐकतो. मला तिथं घ्यावं. आप्पासाहेबांनी मला सोडलं अशा अर्थाचं वर लिहिलं ते अर्धंच खरं. गहिनीनाथ गेला, गड्यांना इंजिन सुरू करता येत नाही, तेव्हा ज्यानं घालवला त्यानंच ते करावं असा त्यांचा निवाडा आहे. शुक्रवारपासून रोज पहाटे ओढ्यावर जाऊन मी हँडल मारतो. काल ते उलटं फिरून मनगटावर बसलं. लिहिताना ठणकायला लागलं म्हणून शेवटचं पान डाव्या हातानं लिहिलं आहे. दया करावी.

ता. क. दुसरं. ती. दाजींना आणि रतनवन्संना लंकाचा नमस्कार. पाकीट डकवायला माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं. बदलीचं मनावर घेऊ नये. पहाटे उठून ओढ्यापर्यंत चालल्यानं भूक लागते, काल दोन भाकरी जास्त खाल्ल्या, मनगटही साधं मुरगळलं आहे. आणखी एक वन्संच्या कानावर घालते, यांना कळवू नये. अकोल्याची खोली गहिनीनाथभाऊंनी दिवाळीतच बघून ठेवली होती. चांगुणाला आणि मलाच ठाऊक होतं. आप्पासाहेबांपुढं विषय कसा काढावा ते त्या नवराबायकोला सुचत नव्हतं, निमित्तच सापडेना. ते यांच्या तोंडून आपोआप निघालं, तेव्हा जरा वर्गात जाऊन बसा, म्हणजे राग मास्तरांवर जाईल, तुमच्यावर नाही, असं मीच चांगुणापाशी सांगून पाठवलं. फळ्यापुढं काय बोलायचं ते मात्र मी सांगितलं नव्हतं, ते त्यांचं त्यांचं. यांना वाटतं सगळं इंग्रजीनंच झालं. वाटू द्यावं. अकोल्याहून आल्यापासून हे शाळेत जाताना शीळ घालतात.